दोन खाचांचा बिल्ला

शेतात वाकलेला माणूस कुणाला खटकत नाही, फक्त त्याच्या हातात खुरपं पाहिजे. माझ्या हातात थेटराच्या दारावरचा शिपाई लोकांच्या काखेतून फिरवतो ते यंत्र होतं. ते घेऊन मी अवसरी बुद्रुकच्या आमच्या वावरात, चांगल्या इस्त्रीच्या कपड्यांवर, उकिडवा बसून कांद्याच्या एकेका वाफ्यावरून फिरवत होतो. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबायचा, सायकल लिंबाला टेकवायचा आणि विचारायचा, "काय राव भाऊसाहेब, कांद्याची झडती चाललीय व्हय?"

मी मंचरला हायस्कुलात क्लार्क आहे. शाळेच्या क्लार्कला आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात. तलाठ्यालाही भाऊसाहेबच म्हणतात, पण त्याला म्हणताना लोक उठून उभे राहतात, एवढाच काय तो फरक.

झालं होतं असं, की खुरपताना आमच्या बायकोच्या, अंजनाच्या, कानातलं एक सोन्याचं फूल वावरात पडलं. तिच्या आईनं लग्नात घातलेलं. बाईनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, मला चकार शब्द बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून आमटीत मीठ पडायचं बंद झालं. तिसऱ्या अळणी जेवणाला मी शरण गेलो आणि चिंचवडला माझ्या साडूंना, भिकाजीरावांना फोन केला. त्यांची वॉचमन पुरवायची एजन्सी आहे. साडूची मदत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मदत वीतभर असते आणि सासुरवाडीपर्यंत तिची हातभर बातमी जाते. पण अळणी आमटीपुढं कसलं आलंय मत!

भिकाजीराव स्वतः यंत्र घेऊन आले. "सोन्याचा कण सुटायचा नाही, पाहुणे," म्हणाले आणि लिंबाखाली खाट टाकून झोपले.

यंत्र प्रामाणिक होतं, याबद्दल वाद नाही. ते सगळ्यालाच कुईं कुईं करायचं. खिळे, सोड्याच्या बाटल्यांची बुचं, बैलाच्या पायाची पत्री, माझं घड्याळ, माझ्या पट्ट्याचं बक्कल. मी घड्याळ काढलं, पट्टाही काढला, आणि मग एका हातानं यंत्र आणि दुसऱ्या हातानं पँट धरून शोधकार्य पुढं चालू ठेवलं. शेजारच्या अंबाबाई बांधावर येऊन हनुवटीला बोट लावून म्हणाल्या, "शिकल्याल्या मान्साला काय बी करावं लागतं बया!"

बांधापलीकडं माझे सख्खे चुलते खुरपत होते. गेणभाऊ त्यांचं नाव, मी त्यांना नाना म्हणतो. म्हणजे म्हणायचो. बोलणं बंद होतं. नाना मधूनच मान वर करायचे, माझ्याकडं बघायचे, तोंड उघडायचे, खोकायचे आणि परत खाली वाकायचे. मला वाटायचं, म्हातारा हसतोय. माझ्या पँटीकडं बघून हसणारा तो काही पहिला नव्हता.

आता हे बोलणं का बंद होतं ते सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझे वडील हौशीराम, म्हणजे आमचे अण्णा, आणि नाना यांची वाटणी झाली त्या दिवशी देवघरातला खंडोबाचा टाक गेला. घोड्यावर बसलेला देव, खाली कुत्रा, असा चांदीचा एवढासा पत्रा. आमच्या आज्याच्या आज्यापासूनचा. अण्णा म्हणाले, गेणूनं पळवला. नाना म्हणाले, दादानं दडवला. मग बांध कुणी कोरला ते निघालं, बांधावरून विहीर निघाली, आणि एका आईच्या पोटचे दोन भाऊ एकमेकांना दिसेनासे झाले. विहीर मात्र सामाईकच राहिली. पाण्याची पाळी संपली की अण्णा मोटार बंद करून खोपीच्या पत्र्यावर दगड मारायचे. तो आवाज ऐकून नाना यायचे, तोवर अण्णा पाठ फिरवून गेलेले असायचे. एक तप या घरांचा व्यवहार एका पत्र्यावर चालला.

या दोघांच्या मध्ये त्यांची एकच बहीण, लोणीला दिलेली. ठकूबाई आत्या. तिनं तेव्हापासून दोघांच्याही घरी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. "दोघं एका पाटावर बसा, मंग पीन," एवढं बोलून गेली ती गेलीच. लग्नकार्याला यायची, नाही असं नाही. पण येताना थंड्याच्या मोठ्या बाटलीत लोणीचं पाणी भरून आणायची आणि मांडवात सगळ्यांच्या देखत तेच प्यायची. पाहुणे विचारायचे, "तुमच्या गावचं पानी वाईट हाय का?" अण्णा मान खाली घालायचे. आता आत्याचं वय झालेलं, गुडघे गेलेले. म्हातारी तहानलेलीच जाणार आपल्या दारातून, हे अण्णांना आतून खायचं, पण बोलून दाखवतील तर ते अण्णा कसले!

तर यंत्र फिरवत फिरवत मी बांधाशी आलो आणि ते जे ओरडलं, की भिकाजीराव खाटेवरून उठून बसले. खुरप्यानं उकरलं. कानातलं फूल नव्हतं. तळहाताएवढा, कोपरे गोल असलेला, काळाठिक्कर पडलेला एक पत्रा होता. बोटानं माती पुसली तर उठावातला घोडा दिसला. त्याच्या पायाशी काहीतरी वाकडं, पुढं तोंड काढलेलं.

अण्णांना हाक मारली. त्यांनी मोतीबिंदूचा जाड चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पत्रा नाकाला लावला.

"सावळ्या," ते मला म्हणाले, "घोडा. खाली कुत्रं. आरं, देव हाय! आपला देव हाय ह्यो!"

बांधावरच पालथे पडले. मला म्हणाले, चप्पल काढ. भिकाजीरावांना म्हणाले, चप्पल काढा. यंत्रालाही काहीतरी काढायला लावतील की काय, असं मला वाटलं.

एवढासा टाक तळहाताएवढा कसा झाला, अशी मला खरं म्हणजे तेव्हाच शंका आली होती, पण सरळ कुणाच्या तोंडावर बोलायची आमची क्लार्कची जात नाही. आणि अण्णांचं पुढचं बोलणं ऐकल्यावर तर ती शंका मी गिळूनच टाकली. ते म्हणाले, "बांधात घावला रं. म्हंजी वाटणीच्या दिशी देव हलवताना पडला. गेणूनं न्हेला न्हवता. आन म्या बी दडवला न्हवता." एवढं बोलून ते उठून बांधावर बसले आणि धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत राहिले. पलीकडं नाना खुरपं हातात घेऊन तसेच उभे होते.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत पत्र्यावर इतका भंडारा पडला, की घोडासुद्धा पिवळ्याखाली गडप झाला. अंबाबाई म्हणाल्या, चिंच लावून लख्ख करा. अण्णा कडाडले, "देवाला चिंच लावती? देव हाय का पितळी हंडा?" एक जण म्हणाला दुधात ठेवा, दुसरा म्हणाला तांदळात ठेवा. एकानं मला बाजूला घेऊन कानात सांगितलं, "भाऊसाहेब, जिमनीत सापडल्यालं सरकारचं असतंय बरं का. उद्या कुनी अर्ज केला तर नोकरी जाईल."

झालं! सरकारी पगार खाणाऱ्या माणसाला देवाचं भय एकवेळ नसतं, अर्जाचं असतं. सकाळीच मी तलाठी भाऊसाहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "देव असला तर पंचनामा लागेल. भांडं असलं तर नुसता जबाब. काय आहे ते तालुक्याहून लिहून आणा." तालुक्याला गेलो. तिथल्या बाबूनं माझा अर्ज वाचला आणि चहा संपेपर्यंत विचार केला.

"तुम्ही 'देव सापडला' असं लिहिलंय," तो म्हणाला. "देव सापडत नसतो, प्रकट होतो. तसं लिहा."

मी तसं लिहिलं.

"पण प्रकट झालेल्याचा नमुना आमच्याकडं नाही," तो म्हणाला. "आमच्याकडं सापडलेल्याचाच आहे. तुम्ही असं करा, सोनाराकडून धातू काय आहे ते लिहून आणा. धातू कळला की देव का वस्तू ते ठरवता येईल."

देव ठरवायचं काम कुणाकडं असतं हे मला त्या दिवशी कळलं. त्या बाबूबद्दल मला तेव्हा काय वाटलं ते छापण्यासारखं नाही, पण आज मी त्याचाही ऋणी आहे. त्यानं सोनाराकडं धाडलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दरम्यान घरी अण्णांनी तळी भरायचं ठरवलं होतं. देव परत आला, तर ताटात भंडारा-खोबरं घेऊन ते ताट उचलायचं आणि येळकोट करायचा. त्याला कुळातले निदान पाच पुरुष लागतात. अण्णा, मी, आणि माझा मुलगा सार्थक, तीन झाले. भिकाजीराव म्हणाले, "मी आहे की." अण्णा म्हणाले, "पावनं, तुमी जेवायला या." त्या दिवसापासून ते बिचारे यंत्र परत न्यायचं नाव काढेनात. शेवट बघूनच जाणार म्हणाले.

राहिले दोन. नाना आणि नानांचा मुलगा. आता बोलवायचं कसं? तोंड तर उघडायचं नाही. अण्णांनी दिवसभर येरझाऱ्या घातल्या आणि मग पाळी नसताना जाऊन पत्र्यावर दगड हाणला. मोटार जळाली समजून नाना धोतर सावरत पळत आले. अण्णा लिंबाच्या झाडाकडं बघत म्हणाले, "तळीला पाच मानसं लागत्यात."

नानांनीही लिंबाकडंच बघितलं. "दोन हायती," ते म्हणाले.

"आयतवारी सांजच्याला."

"बरं."

लिंबाला मध्ये घालून का होईना, पण भाऊ भावाशी बोलला. मी हे खोपीमागून ऐकलं. लोणीला निरोप गेला. आत्या येते म्हणाली.

आणि शनिवारी मी कुणाला न सांगता तो पत्रा रुमालात बांधून मंचरच्या सोनाराकडं गेलो. दाखल्यासाठी हो, दुसरं काही मनात नव्हतं. सोनारानं कसोटीवर घासला आणि म्हणाला, "चांदी न्हाई भाऊसाहेब. जर्मन सिल्वर हाय, नुसती चांदीवानी दिसती." मग मी काही म्हणायच्या आत त्यानं तो रिठ्याच्या पाण्यात बुडवला आणि ब्रशनं घासला. भंडारा गेला. काळं गेलं. घोडा आला, झक्क, पण पाठीवर कुणीच नव्हतं. पायाशी कुत्रंही नव्हतं, चांगला फाळ-बिळ असलेला नांगर होता. आणि खाली अर्धवट झिजलेली अक्षरं आली: 'घोडा छाप... आणि सन्स, जुन्नर.'

दुकानाचं नाव झिजलं होतं, पण देवाला 'आणि सन्स' नसतं हे कळायला नाव लागत नाही. मी सोनाराच्या ओट्यावर बसलो तो बसलोच. हा टाक नाही, म्हणजे टाक अजून गेलेलाच आहे. म्हणजे अण्णांच्या मते तो परत नानांनी नेला आणि नानांच्या मते परत अण्णांनी दडवला. रविवारी आत्या बाटली घेऊन येणार आणि बाटली घेऊनच जाणार. आणि याला जबाबदार कोण, तर मी, आणि माझ्या साडूचं यंत्र! सोनार म्हणाला, दाखल्यावर काय लिहू? मी म्हटलं, काहीच लिहू नका.

तरी मनात एक आशा होती. कुणी सांगावं, पूर्वी एखादं दुकान टाकही बनवत असेल. बुडत्याला काडी. रविवारी सकाळी "भंडारा आणतो" असं सांगून मी जुन्नरची यष्टी पकडली.

जुन्नरच्या बाजारात मी तो पत्रा चार दुकानांत दाखवला. एकानं कुलपाचा म्हटलं, एकानं टांग्याचा. एकानं तर विकत मागितला. शेवटी एका मोटार रिवायंडिंगच्या दुकानातल्या इरफान नावाच्या पोरसवद्या माणसानं तो हातात घेतला, उलटा केला आणि आत ओरडला, "दादाजान! अपना घोडा आया!"

आत लाकडी खुर्चीत एक हाडकुळे म्हातारे बसले होते. इस्माईलचाचा. त्यांनी पत्रा डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडं बघितलं आणि एकदम आवाज चढवला, "ग्यारंटी संपली!"

"चाचा, माझं ऐकून तर घ्या..."

"काय ऐकायचं? नांगर आमचा हाय, मान्य. बिल्ला आमचा हाय, मान्य. पर ग्यारंटी एक वर्षाची व्हती. फाळ मोडला असंल तर दगडात घातला असंल तुमी."

मी नांगराची तक्रार घेऊन आलो नाही, हे त्यांना पटवायला इरफानला मध्ये पडावं लागलं. मग मात्र चहा आला, खारी आली, आणि चाचा खुलले. त्यांच्या वडलांचं लोखंडी नांगराचं दुकान होतं. घोडा हा छाप, आणि विकलेल्या प्रत्येक नांगराला असा बिल्ला रिबिटीनं ठोकायचे. मी विचारलं, "तुमच्याकडं देवाचे टाक नव्हते ना मिळत?"

"आमच्याकडं?" चाचा इतके हसले की ठसका लागला. "भाऊसाहेब, मुसलमानाच्या नांगराच्या दुकानात खंडोबा शोधायला आलेला तू पयला."

मग त्यांनी बिल्ल्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "दोन खाचा हायती," ते म्हणाले. "म्हंजी नांगर दोघांत घेतल्याला. लोखंडी नांगराला तीन-चार बैलजोड्या लागायच्या, एका घराची ऐपत कुठं? भाऊ भाऊ मिळून घ्यायचे. मग भांडायचे. एक जण गुपचूप येऊन नवा फाळ घेऊन जायचा, दुसरा येऊन आमच्या नावानं शिमगा करायचा. म्हनून वालिदनी कायदा काढला. जेवढे भागीदार तेवढ्या खाचा. दोन खाचा आसल्या की फाळ न्यायला दोघांनी यायचं. एकट्याला माल न्हाई, अल्ला कसम, पैसे मोजले तरी न्हाई." आणि मग माझ्या मागं दाराकडं बघून म्हणाले, "तू एकटाच आलास?"

मी बिल्ला रुमालात बांधला. निघताना चाचांच्या पाया पडलो, का ते मलाही सांगता येणार नाही.

यष्टी नारायणगावाला पंक्चर झाली. घरी आलो तर तळी मांडून झालेली. ओसरीवर घोंगडी, त्यावर ताट, ताटात भंडारा, खोबरं, विड्याची पानं. एका बाजूला अण्णा, समोर नाना, नानांचा मुलगा, सार्थक. भिकाजीराव खांबाला टेकून. भिंतीशी आत्या बसलेली, शेजारी लोणीची बाटली, हातात तिची पानाची चंची घट्ट धरलेली. अंजना आणि अंबाबाई दारात. अर्धं गाव अंगणात.

"कुठं व्हतास? देव आन आधी," अण्णा म्हणाले. देवघरातला देव दिसेना म्हणून घरात गोंधळ उडाला असेल, असा माझा अंदाज होता. अंजनानं सांगितलं होतं म्हणे, की 'ते देवाला उजळायला घेऊन गेलेत.' बायको अशी पाहिजे. मी रुमाल तसाच ताटात ठेवला आणि माझ्या जागेवर बसलो. पाच हात ताटाला लागले.

पण ताट उचलायच्या आधी अण्णा बोलायला लागले. आता ते लिंबाकडं बघत नव्हते. सरळ नानांकडं बघत होते.

"गेणू, म्या तुझ्यावर आळ घेतला. देवानं मला खोटं पाडलं. चुकलो मी." आणि मग माझ्याकडं वळून, "सावळ्या, तू शिकल्याला हायेस. तू सांग समद्यांना, देव कसा घावला."

काय सांगू! तळीला हात लावून खोटं बोलायचं नसतं. लहानपणापासून ऐकलेलं. हात काढावा तर चार माणसं राहतात. मी आत्याच्या बाटलीकडं बघितलं, नानांच्या डोळ्यांतल्या पाण्याकडं बघितलं आणि मनातल्या मनात म्हटलं, खंडेराया, मला माफ कर. मग रुमाल सोडला.

"अण्णा," मी म्हटलं, "हा देव नाही. नांगराचा बिल्ला आहे. जुन्नरच्या दुकानाचा."

अण्णांचं तोंड उघडं ते उघडंच. मी खाली मान घालून चाचांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, घोडा छाप, एका वर्षाची ग्यारंटी, दोन खाचा. बोलताना घाम बिल्ल्यावर पडत होता.

नानांनी हात पुढं केला, बिल्ला उचलला आणि कडेवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

"दादा," ते म्हणाले, "ह्यो आपला नांगर हाय."

"घोडा छाप," अण्णा म्हणाले. आवाज कुठून तरी खोलातून आला.

"बानं आपल्या दोघांच्या नावानं घेतल्याला. गाडीत घालून आनला जुन्नरवरनं. नारायणगावच्या रस्त्याला मी त्येच्यावर बसलो आन बानं तुला बी बसवलं."

"तू पडलास."

"तू ढकलला."

दोघं हसले. खरंच हसले. आणि मग दोघांच्याही माना खाली गेल्या, कारण तो नांगर वाटणीत अर्धा करता येईना, म्हणून दोघांनी हट्टानं मोडीत घातला होता. हे गावाला माहीत होतं.

मग अण्णांच्या कपाळावर ती जुनी आठी परत आली. मी तिचीच वाट बघत होतो. "मंग," ते हळूच म्हणाले, "टाक कुठाय?"

नानांनी मान वर केली. मला वाटलं, संपलं. नाना म्हणाले, "आता समदे खरंच बोलाय लागल्यात, तर मी बी बोलतो." त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि ताटात काहीतरी टाकलं. अंजनाचं कानातलं फूल!

"माझ्या वाफ्यात घावलं," नाना म्हणाले. "खुरपल्याल्या गवतासंगं बांधावरनं आलं आसंल. पयल्याच दिशी. पर बोलनं बंद, सांगू कसं? दारात येऊन देऊ कसं? ह्यो पोरगा रोज पँट धरून शेताची झडती घेतोय, मी बघतोय. तोंड उघडायचो, शबूद फुटंना."

"नाना!" मी ओरडलो. माझ्या इभ्रतीचा सगळा हिशेब माझ्या डोळ्यांपुढून गेला. "अहो, नुसती शीळ घातली असती तरी चाललं असतं!"

अंजना मात्र पदर तोंडाला लावून हसत होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं.

"ताट खाली धरा," भिंतीकडून आवाज आला. आत्या होती ती. गुडघ्यांवर हात देऊन ती पुढं सरकली, चंची उघडली, पानाखालची चिंधी काढली, चिंधीची गाठ सोडली आणि ताटात, बिल्ल्याशेजारी, एवढासा चांदीचा पत्रा ठेवला. घोडा. घोड्यावर देव. खाली कुत्रा. आमचा टाक.

"ठके, तू?" अण्णा म्हणाले.

"वाटनीच्या दिशी तुमी वाटी-पेल्यावरनं भांडत व्हता," आत्या म्हणाली. "मला वाटलं, देवाला बी मधोमध कापत्यात का काय. उचलला आन कनवटीला लावला. म्हनलं, देव हुडकत दोघं मिळून येतील माझ्याकडं. मी वाट बघितली. आलं का कुनी? मेल्यांनो, एकानं तरी इचारलं का, ठके, तू बघितला का म्हनून? एकमेकाला चोर ठरवून मोकळं झाला. मंग मला सांगायची चोरी झाली. लेकीनं म्हायेरचा देव न्हेला म्हनल्यावर सासरी-म्हायेरी तोंड कुठं दावू? आवंदा येतील, आवंदा येतील करत बसले."

मग बाटलीकडं बघत ती म्हणाली, "लोकान्ला वाटलं, मी तुमच्यावर रुसून पानी पीत न्हाई. तुमच्यावर न्हाई रं रुसले. ज्याच्या घरचा देव न्हेला, त्याच्या घरचं पानी कसं पिऊ?"

अण्णा उठले. ताटाचा हात सुटला, तळी चार माणसांवर आली. ते आत गेले, पाट घेऊन आले, आत्यासमोर मांडला आणि त्यावर बसले. मग थोडं सरकून म्हणाले, "गेणू, ये."

पाट एका माणसाचा. दोन म्हातारे त्यावर कसेबसे टेकले, नानांचा अर्धा भाग जमिनीवरच होता. अंजनानं विहिरीचं पाणी भरून तांब्या आणला. आत्यानं तो दोन्ही हातांनी वर धरला आणि घटाघटा प्यायला लागली. एका तपाची तहान. हनुवटीवरून पाणी लुगड्यावर ओघळलं तरी थांबली नाही. अंबाबाईंनी हुंदका दिला, आणि खांबाशी भिकाजीरावही नाक शिंकरत होते.

आत्यानं तांब्या खाली ठेवला. "लई गोड हाय," म्हणाली. मग तोंड पुसून, "पर हिरीतला गाळ काढला न्हाई वाटतं कुनी."

"पाळी ह्याची व्हती," अण्णा आणि नाना दोघंही एकदमच म्हणाले.

त्या रात्री तळी उचलली तेव्हा ताटात टाकही होता आणि बिल्लाही. बिल्ला काढू का म्हणून मी विचारलं, तर आत्या खेकसली, "दसऱ्याला नांगराला हळदकुंकू लावता ते काय येड्यागत लावता का? राहू दे." तेव्हापासून तो देवघरात आहे. मी रोज टाकाच्या पाया पडतो, मग बिल्ल्याच्याही पडतो. ज्या देवानं मला पँट धरून अख्ख्या गावापुढं वाकवलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. भिकाजीरावांचेसुद्धा नाही. सासुरवाडीला त्यांनी काय सांगायचं ते सांगितलं, सांगोत बापडे. आमटीत मीठ परत आलंय.

तलाठी भाऊसाहेबांना मी जबाब लिहून दिला, की वस्तू नांगराची आहे. त्यांनी विचारलं, "मग देव?" मी म्हटलं, तो हरवलाच नव्हता. त्यांनी 'निकाली' असा शेरा मारला आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

दिवाळीच्या आधी अण्णा आणि नाना पेढे घेऊन जुन्नरला निघाले. मला बरोबर यायला मनाई होती, तरी यष्टीत बसायला जागा मिळवून द्यायला म्हणून मी गेलोच. इस्माईलचाचांनी पेढ्यांचा पुडा इरफानच्या हातात दिला आणि चष्मा लावून दोघांना खालून वरपर्यंत नीट बघितलं. मग बिल्ला मागितला. नानांनी तो मुद्दाम बरोबर आणला होता. चाचांनी दोन खाचांवरून अंगठा फिरवला.

"दोन खाचा, दोन मानसं. आता कसं!" ते म्हणाले. "हां, बोला. काय पायजे?"

आणि आमचे अण्णा आणि नाना, दोघंही एकदमच बोलायला लागले.